वापरलेला मुळा

माझ्या आईला हो किंवा नाही असं सरळ उत्तर देता येत नाही. पोस्टात तेहतीस वर्षं नोकरी केल्याचा परिणाम असावा. खिडकीशी आलेल्या माणसाला ती आधी दुसरा फॉर्म भरून आणायला लावायची. बाबा गेल्यावर मी तिला विचारलं, "आता माझ्याकडे हॅमिल्टनला कायमची येतेस का?" ती म्हणाली, "बघू." हे 'बघू' अडीच वर्षं चाललं. मधल्या काळात ती कोथरूडला स्वतःच्याच जिन्यात पडली आणि मला ते चार दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळलं. फोनवर मी एवढी ओरडले की नवऱ्याने उठून खिडक्या लावून घेतल्या. आई पलीकडून शांतपणे म्हणाली, "म्हणूनच सांगितलं नव्हतं."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला मान्य आहे. पण त्या चार दिवसांनी मी हादरले होते. रोज फोनवर तिच्याशी बोलत होते, आमटीत गूळ किती घालायचा ते विचारत होते, आणि ती सुजलेला गुडघा खुर्चीवर ठेवून मला गुळाचं प्रमाण सांगत होती.

आई-वडिलांना कायमचं आणायच्या व्हिसासाठी आमच्या न्यूझीलंडमध्ये चिठ्ठ्या काढतात. तिची चिठ्ठी निघाली, तपासण्या झाल्या, व्हिसा हातात आला. तरी बाईसाहेबांनी सहा आठवड्यांनंतरचं परतीचं तिकीट काढायला लावलं. "लेकीकडे चार दिवस गोडीचे," ती म्हणाली. "कायमचं राहायला लागलं की माणूस जुन्या कपाटासारखा होतो. टाकवत नाही म्हणून कोपऱ्यात ठेवायचा." मी चिडले, मग समजावलं, मग पुन्हा चिडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने अट घातली. "वाटेत जपान दाखव. तिथून निघायच्या आत काय ते सांगते."

जपान का, तर ती जपानी शिकली होती. पुण्यात निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, हास्यक्लबात जातात, नाहीतर जपानी शिकतात. आई सहा वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरापोरींच्या शेजारी बाकावर बसली आणि एकामागून एक परीक्षा पास झाली. पण खरा जपानी माणूस तिने समोरासमोर कधी पाहिला नव्हता.

शाळेच्या सुट्टीत मी लेकीला घेऊन पुण्याला गेले आणि आईला घेऊन तोक्योला उतरले. लेक तेरा वर्षांची, जन्म हॅमिल्टनचा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. आईला इंग्रजी चांगलं येतं, पण पोस्टातलं. नातीचं किवी इंग्रजी तिच्या डोक्यावरून जातं. इतकी वर्षं व्हिडिओ कॉलवर या दोघींची दुभाषी मी होते. घराघरात मुलांना जोडणारा दुवा आई असते वगैरे जे म्हणतात, ते काम मी मनापासून केलं होतं.

तोक्योच्या आसाकुसा भागात जायच्या दिवसाचं वेळापत्रक मी रंगीत चौकटींत करून ठेवलं होतं. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांची वेळापत्रकं करणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. नऊला मोठ्या लाल कंदिलाचं देऊळ, सव्वादहाला समोरची दुकानांची गल्ली, साडेअकराला नदीकाठ, एक वाजता पलीकडचा उंच टॉवर. टॉवरची तिकिटं ठरावीक वेळेची काढलेली होती. एक म्हणजे एक.

भुयारी रेल्वेतून बाहेर पडल्या पडल्या आईने चौकातल्या पोलिसाला रस्ता विचारला. मोठा लाल दरवाजा तिच्या नाकासमोर होता. पोलिसाने कमरेत वाकून उत्तर दिलं, आई त्याच्याहून जास्त वाकली, मग तो आणखी वाकला. मी घड्याळ बघितलं.

"दिसतंय की देऊळ! विचारायचं काय त्यात?"

"विचारायला सहा वर्षं शिकले मी," आई म्हणाली. "दिसतंय म्हणून गप्प बसू?"

त्यानंतर तिने कोणालाही सोडलं नाही. पंखेवाला, छत्रीवाली, किमोनो भाड्याने देणारी मुलगी, रिक्षा ओढणारा दांडग्या पोटऱ्यांचा तरुण. सगळे "निहोंगो जोझु" म्हणजे तुमचं जपानी छान आहे असं म्हणत आणि आई कॉलेजातल्या मुलीसारखी लाजे. हे मी समजू शकले. पण गल्लीच्या तोंडाशी माझ्या लेकीने आजीला काहीतरी म्हटलं, आजीने काहीतरी उत्तर दिलं, दोघी हसल्या, आणि मला एक अक्षर कळलं नाही.

लेक शाळेत जपानी घेते हे मला माहीत होतं. आमच्याकडे बऱ्याच शाळांत शिकवतात. मार्क मी वाचले होते, सही केली होती. पण ती भाषा बोलायची असते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"काय बोलताय?" मी विचारलं.

"नथिंग," लेक म्हणाली. "आई, आजी इज हेप्स बेटर दॅन माय टीचर."

हेप्स म्हणजे आमच्याकडच्या पोरांच्या भाषेत पुष्कळ. इतक्या वर्षांची दुभाषी मी, त्या क्षणी बेकार झाले. दोघी पुढे हातात हात घालून चालल्या आणि मी मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन.

नदीकाठी पोहोचलो तेव्हा पलीकडे एका काळ्या इमारतीच्या डोक्यावर एक प्रचंड सोनेरी गोळा आडवा पडलेला दिसला. लेक किंचाळली, "ओ माय गॉड, इट्स अ गोल्डन पू!" मी तिला दटावलं. आईने चष्मा सारखा करून नीट बघितलं आणि म्हणाली, "छे, मुळा आहे तो." त्या वेळी मी हसण्यावारी नेलं.

झालं असं की काठावरच्या एका छोट्या दुकानात एक म्हातारी तांदळाचे पापड निखाऱ्यावर भाजत होती. आईने तिला निखाऱ्याविषयी प्रश्न विचारले. म्हातारीने तिला ती कुठली ते विचारलं. भारत ऐकल्यावर तिने हातातला चिमटा ठेवला, नाकापुढे हात लांब करून सोंड काढून दाखवली आणि उत्तरेकडे बोट केलं. आईचा चेहरा मी सांगू शकत नाही. वडाच्या फेऱ्या घालताना शाळेतली मैत्रीण भेटावी तसा झाला.

"अगं, इथे टेकडीवर गणपती आहे! आपला! दहा मिनिटांवर!"

हॉटेलात मिळालेल्या नकाशावर देवळांच्या जागी स्वस्तिकं छापलेली होती. आईला सकाळपासून ती बघून भरून येत होतं. त्यातलं एक स्वस्तिक म्हातारीने पेन्सिलीने गोल केलं. मी म्हटलं, बारा वाजलेत, एकचा टॉवर आहे. आईने नातीला जपानीत काहीतरी सांगितलं. नातीने मान डोलावली आणि दोघी उत्तरेकडे निघाल्या. लोकशाहीत बहुमताला भाषा लागत नाही म्हणतात, पण इथे बहुमताला भाषा होती आणि मलाच ती येत नव्हती.

टेकडी म्हणजे चार मजल्यांची चढण. आईचा गुडघा बघून मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाजूला काचेचा इवलासा डबा दिसला. देवस्थानाने म्हाताऱ्या माणसांसाठी बसवलेला, फुकटचा. बटण दाबलं की रुळावरून तुरुतुरु वर जातो. आई आत बसली आणि तिने हात जोडले. "पर्वतीला असा बसवायला काय झालं होतं?"

वर देऊळ लहान, नीटनेटकं, माणसं जेमतेम सहा-सात. आणि जिकडे बघावं तिकडे मुळे. कंदिलावर मुळे, कठड्यावर मुळे, दगडात कोरलेले मुळे, एकमेकांत पाय अडकवलेली मुळ्यांची जोडी. आत चौरंगावर रचलेले खरे मुळे, पांढरेशुभ्र, मनगटाहून जाड. मुळ्यांच्या जोडीला सगळीकडे आणखी एक आकृती कोरलेली होती, खाली फुगीर आणि वर चुण्या.

"मोदक!" आई ओरडली.

तिथल्या स्वयंसेविका बाईंनी अदबीने सांगितलं की हा मोदक नसून बटवा आहे. आईने ते जपानीत ऐकून घेतलं आणि मराठीत फेटाळलं. "तुम्ही त्याला बटवा म्हणा. मी जन्मभर कळ्या पाडल्यात. हा मोदक आहे."

देवाचं दर्शन नव्हतं. दारं बंद, देव आत, कोणी बघायचं नाही अशीच पद्धत. आईला ते थोडं लागलं. पुण्यात तीन तास रांगेत उभं राहून दर्शन होतं. इथे रांगही नाही आणि दर्शनही नाही. "लाजाळू झालाय परदेशात," ती म्हणाली. मग बाईंना विचारलं, मोदक सोडून मुळा का? बाई बराच वेळ समजावत होत्या. आई "हाई, हाई" करत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होती. लेकही माझ्याकडे बघत होती.

"काय म्हणतायत?"

"मुळा म्हणजे माणसाच्या आतला राग," आई म्हणाली. "खोल गेलेला असतो ना. तो देवाला देऊन टाकायचा." तिने खिडकीवर जाऊन एक मुळा विकत घेतला आणि माझ्या हातात दिला. "हा तुझा."

"माझाच का?"

दोघी जपानीत हसल्या. हसण्याला भाषा नसते असं ज्यांनी म्हटलं असेल त्यांना कधी वगळलं गेलेलं नसणार. मी मुळा चौरंगावर ठेवला, जरा आपटूनच.

बाहेर आलो तर दाराशी एका टोपलीत आणखी मुळे, आणि वर जपानी पाटी. आईने बोट फिरवत वाचलं आणि थबकली. "ओसागारी. म्हणजे... वापरलेले मुळे. फुकट."

"वापरलेले? मुळा काय वापरतात?"

"तसंच लिहिलंय. आम्हाला धडा होता, थोरल्या भावाचे आखूड झालेले कपडे धाकटा घालतो, त्याला ओसागारी म्हणतात. मी तिसरी बहीण, मला हा शब्द वर्गात पहिल्या दिवशी पाठ झाला. जन्मभर ओसागारीच घातले." ती परत बाईंकडे गेली. या वेळी बोलणं थोडक्यात झालं. बाईंनी हात आधी डोक्याच्या वर नेला आणि मग हळूहळू खाली आणला. आईने कपाळावर हात मारला. "अगं, प्रसाद! देवापुढे ठेवून झालेले मुळे!"

तिने त्यातला सगळ्यात लांब मुळा पाल्यासकट उचलला. मी म्हटलं, पावणेएक. ती बाकावर जाऊन बसली. समोर नदी, नदीपलीकडे तो उंच टॉवर, आणि मांडीवर आडवा मुळा. मग तिने नवस लिहायची एक लाकडी पाटी घेतली, पेन घेतलं आणि एक एक अक्षर कोरून काढल्यासारखं लिहू लागली. नात शेजारी वाकून बघत होती. एकदा तिने काहीतरी विचारलं, आईने सांगितलं, आणि माझ्या लेकीने आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं. आमच्याकडे तेराव्या वर्षी मुली असं सहसा करत नाहीत. मी पाटीचा फोटो काढला आणि काय लिहिलंय ते विचारलं.

"तुझा टॉवर जाईल ना," आई म्हणाली.

टॉवरला आम्ही दीडला पोहोचलो. लेकीच्या पाठीवरच्या पिशवीतून मुळ्याचा पाला हातभर बाहेर आला होता. तपासणीच्या माणसाने पिशवी बघितली, मुळा बघितला, आईकडे बघितलं, आणि मुळ्याला वाकून नमस्कार केला. उशिराबद्दल आईने तीन मिनिटं जपानी माफी मागितली. त्यांनी आम्हाला आत सोडलं, बहुधा ती थांबावी म्हणून.

वर शहर संपतच नव्हतं. मी आईला क्षितिज दाखवत होते, ती काचेला नाक लावून ती टेकडी शोधत होती. सापडली. अंगठ्याच्या नखाएवढा हिरवा ठिपका.

"किती वर्षं झाली असतील त्याला इकडे येऊन?"

लेकीने फोनवर बघितलं. "हेप्स, आजी. लाइक, अ थाउजंड."

"हजार वर्षं," आई म्हणाली. "दूर्वा नाहीत, मोदक नाहीत. मुळ्यावर भागवतोय. पण काचेच्या डब्यातून माणसं वर येतात, विचारपूस करतात." मग ती काचेपासून वळून माझ्याकडे बघू लागली. मला वाटलं आता उत्तर येणार. ती म्हणाली, "भूक लागली."

नवऱ्याचा फोन आला. तो हॅमिल्टनच्या 'ते रापा' नावाच्या भागात दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. कामावरून सुटता सुटता, सकाळपासून तिसऱ्यांदा करत होता. "काय म्हणाल्या आई?"

"मुळा," मी म्हटलं आणि ठेवला.

आता त्या मुळ्याचं करायचं काय? प्रसाद टाकता येत नाही. न्यूझीलंडात नेता येत नाही. आमच्याकडे विमानतळावर सफरचंदाच्या फोडीलासुद्धा जागच्या जागी दंड होतो, आणि हे मी आईला तीन आठवडे रोज बजावलं होतं. जे असेल ते लिहायचं, खोटं लिहायचं नाही. तेव्हा हॉटेलच्या खोलीत, फळं कापायच्या प्लॅस्टिकच्या सुरीने, दोन फुटी मुळ्याची कोशिंबीर झाली. दाण्याचं कूट आईच्या बॅगेत होतं, मीठ खालच्या दुकानातून. पाला चिरून त्यात. हॅमिल्टनला ताटातली काकडी बाजूला काढणाऱ्या माझ्या लेकीने दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली कोशिंबीर न्याहारीला झाली. विमानतळापर्यंत आम्ही तिघी मुळ्याचे ढेकर देत गेलो आणि आगगाडीतली माणसं सौजन्याने खिडकीबाहेर बघत राहिली.

विमानतळावर आमच्या गेटपाशी बसून मी फोनवर आमच्या देशाचं ते घोषणापत्र भरायला घेतलं. माझं झालं, लेकीचं झालं. आईचं आलं. नाव, पासपोर्ट, आणि मग प्रश्न: न्यूझीलंडमध्ये किती काळ राहणार?

"आई. आता निघायची वेळ झाली. सहा आठवडे लिहू की कायमचं?"

"लिहून दिलं की मी काल. तू फोटोही काढलास."

मी फोनवर पाटीचा फोटो उघडला, भाषांतराचं ॲप लावलं. अक्षरं थरथरली आणि त्यांची मराठी झाली: मी कन्येच्या घरातील वापरलेली जुनी वस्तू बनेन.

मग माझा तोल गेला. गेटपाशी शंभर माणसं होती, गेली उडत. "हे लिहिलंस? देवाला? वापरलेली वस्तू? अडीच वर्षं मी तुझ्यामागे लागलेय, तुझ्यासाठी खालची खोली रंगवली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, आणि तू स्वतःला जुनं कपाट समजून येणार असशील तर नको येऊस! मला तू हवी आहेस, कळत नाही का तुला? जिन्यात पडलीस तेव्हा मी चार दिवस तुला गूळ विचारत होते!"

समोरच्या बाकावरच्या दोन जपानी बायका उठून लांब जाऊन बसल्या.

"काल ना तू राग ठेवून आली होतीस टेकडीवर?" आई म्हणाली.

"तो मुळा नंतर खाल्ला ना आपण!"

लेक हसता हसता बाकावरून घसरली. "आई! ओसागारी! इट्स ओसागारी! रिमेम्बर द बास्केट?"

मी फोनकडे बघितलं. आईने माझा हात धरला. मग तिने त्या बाईंसारखा आपला दुसरा हात डोक्याच्या वर नेला आणि हळूहळू खाली आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"शब्द एकच आहे गं," ती म्हणाली. "जुन्याला तोच आणि प्रसादाला तोच. मी सहा वर्षं अर्धाच शिकले होते."

मी "कायमचं"वर बोट ठेवलं. दोनदा ते चुकीच्या जागी पडलं. पुढचा प्रश्न आला: वापरलेले बूट, तंबू, खेळाचं सामान, अशा वापरलेल्या वस्तू बरोबर आणत आहात का?

आईने चष्मा वर करून वाचलं. "'हो' लिही."

"आई, ते चिखलाच्या बुटांसाठी आहे."

"'हो' लिही. खोटं लिहिलं तर दंड आहे म्हणालीस ना?"

मी डोळे पुसले, "नाही" लिहिलं आणि पाठवून दिलं.

"बघू," आई म्हणाली, "विमानतळावर काय म्हणतात ते."